गोम सांध्यात आहे

कोल्हापूरजवळच्या उचगावातून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्याला कुणी चांदीचा रस्ता म्हणत नाही. त्यावर दिसतात उसाच्या ट्रॉल्या आणि गांधीनगरातून कापडाचे गठ्ठे भरून निघालेले टेम्पो. पण याच रस्त्यानं पुढं गेलं की हुपरी लागते, आणि हुपरीत घरोघरी चांदी घडते. पैंजण, वाळे, जोडवी, करदोटे. लग्नात घेतलेली पैंजणाची जोडी दोन-चार पावसाळे कपाटात पडून राहिली की काळी पडते. मग रिठ्याचं पाणी, जुना टूथब्रश आणि दुपारभर घासाघीस.

हे काळं म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूशी चांदीची गाठ पडली की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचं पातळ पुट बसतं. 1833 साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं याच पदार्थाचा तुकडा विजेच्या वाटेत ठेवला आणि खाली दिवा धरला. तुकडा थंड होता तोवर वीज जेमतेम जात होती. तापला, तशी ती धातूतून जावी तशी धावू लागली. दिवा काढला, तुकडा निवला, की पुन्हा मंदावली. फॅरेडे चक्रावला, कारण धातूंचं वागणं नेमकं उलट असतं; तार तापली की तिचा विरोध वाढतो. त्या काळ्या तुकड्यात दोन गोष्टी एकत्र चालल्या होत्या हे पुढं कळलं. इलेक्ट्रॉन तर धावत होतेच, पण त्यांच्याबरोबर चांदीचे आयनही, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, घन पदार्थाच्या आतून जागा बदलत होते.

दगडासारख्या घट्ट वस्तूतून अणू चालत जातो, ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पटली नव्हती. हे प्रकरण त्या चालण्याबद्दल आहे. फक्त चालणारा चांदीचा आयन नसून मिठातल्या सोडियमचा आहे.

आमच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तिची टोपणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालणं हे माझ्याकडचं काम. एकदा घाईत ॲसिडचा थेंब पॅंटवर उडाला आणि धुतल्यावर तिथं मसुराएवढं भोक पडलं. बॅटरीतला तो द्रव म्हणजे इलेक्ट्रोलाइट. पाठ्यपुस्तकात त्याला ‘विद्युत अपघटनी’ असा भारदस्त शब्द आहे, पण दुकानात जाऊन तो मागितला तर काहीच मिळणार नाही, म्हणून आपण इलेक्ट्रोलाइटच म्हणू. बॅटरीच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड असतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनं जातात आणि जाता जाता आपला पंखा फिरवतात. आयन आतून, इलेक्ट्रोलाइटमधून जातात. इलेक्ट्रोलाइटला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. आयनांना वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनांना अडवायचं. इलेक्ट्रॉनही आतूनच गेले तर तो शॉर्टसर्किट.

जिन्याखालच्या बॅटरीत हा द्रव सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचा असतो, मोबाइलच्या लिथियम बॅटरीत पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रावकाचा. इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागल्याचे व्हिडिओ आपण पाहतो, त्यात जे भडकतं त्यातला मोठा वाटा या द्रावकाचा असतो. मग द्रव काढून त्या जागी न सांडणारी, न जळणारी घन चकती बसवली तर? ‘सॉलिड स्टेट’ बॅटरी म्हणजे एवढंच. शब्द मोठा आहे, कल्पना साधी आहे. करायला बसलं की कळतं, गोम कुठं आहे ते.

सोडियमच का, याचं उत्तर मात्र फार लांबवायला नको. पृथ्वीच्या कवचात वजनानं दोन टक्क्यांहून अधिक सोडियम आहे. लिथियम दहा लाखांत वीसेक भाग. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे 11 ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे शिरोड्याच्या मिठागरात जे पांढरं ढिगानं पडलेलं असतं त्यात वजनानं चाळीस टक्के सोडियमच. शिवाय सोडियमच्या बॅटरीत दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पातळ फॉइल चालते, लिथियमसारखी एका बाजूला महागडी तांब्याची लागत नाही. तोटाही उघड आहे. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, आणि त्याचा आयन 1.02 अँगस्ट्रॉम त्रिज्येचा, तर लिथियमचा 0.76. जड आणि जाडा. द्रवात त्याचं फारसं बिघडत नाही. घन पदार्थाच्या अरुंद वाटांत मात्र हा जाडेपणा आड येतो.

वाटा शोधायला सुरुवात झाली ती पुन्हा चांदीपासूनच. 1914 मध्ये जर्मनीत टुबांट आणि लोरेन्झ यांनी दाखवलं की सिल्व्हर आयोडाइड 147 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याची आयन-वाहकता हजारो पटींनी उडी घेते. आयोडीनचे अणू आपापल्या जागी ठाम, आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांतून चांदीचे आयन जवळजवळ द्रवासारखे हिंडतात. पदार्थ घनच असतो, निम्मा पाघळल्यासारखा वागतो. पण चांदीची बॅटरी परवडणार कुणाला?

सोडियमची वेळ आली 1967 च्या सुमाराला, आणि तीही मोटारीच्या कंपनीत. अमेरिकेच्या फोर्डमध्ये याओ आणि कुमर यांनी बीटा-ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिकमधून सोडियम किती चपळाईनं जातो ते मोजलं. या पदार्थाची रचना करवीर तालुक्यातल्या कुणालाही लगेच कळेल, कारण ती उसाच्या रानासारखी आहे. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे जाड, बंद थर म्हणजे वरंबे. त्यांच्यामधले पातळ, मोकळे थर म्हणजे सऱ्या. सोडियम सरीतून सरळ पळतो. वरंबा ओलांडून पलीकडच्या सरीत जाणं त्याला जमत नाही. म्हणून बीटा-ॲल्युमिना थरांच्या पातळीत उत्तम वाहतो आणि थरांना आडवा जवळजवळ ठप्प.

या सिरॅमिकची नळी करून फोर्डच्या कुमर आणि वेबर यांनी सोडियम-गंधक बॅटरी रचली. नळीच्या एका अंगाला वितळलेलं सोडियम, दुसऱ्या अंगाला वितळलेला गंधक, सगळं 300 अंशांच्या वर तापवलेलं. नेहमीच्या बॅटरीच्या हे अगदी उलट: इलेक्ट्रोड द्रव आणि इलेक्ट्रोलाइट घन. जपानच्या एनजीके कंपनीनं ही बॅटरी बाजारात आणली. ही मूळची विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणारी कंपनी, म्हणजे सिरॅमिक भाजण्यात मुरलेली. वीज कंपन्यांनी अशा बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात बसवल्या. 2011 च्या सप्टेंबरमध्ये जपानमधल्या एका कारखान्यात अशाच संचाला आग लागली. एका सेलमधून बाहेर आलेल्या वितळलेल्या पदार्थामुळं शेजारच्या सेलमध्ये शॉर्टसर्किट झालं होतं. तीनशे अंशांवरचं सोडियम आणि गंधक पाण्यानं विझवता येत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

या गरम बॅटरीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथं सांध्याचा प्रश्नच नव्हता. वितळलेलं सोडियम नळीला जिथं तिथं चिकटून राहायचं. मधे फट पडणं शक्यच नव्हतं. बॅटरी थंड करायची म्हटलं, सोडियम घट्ट झालं, की घनाला घन भिडवावं लागतं.

पण आधी वाटेचाच प्रश्न. सरीसारखी थरापुरती नको, सगळ्या दिशांनी खुली वाट हवी होती. ती 1976 मध्ये सापडली. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत हाँग आणि जॉन गुडइनफ यांनी झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एक सांगाडा उभा केला आणि त्याच्या पोकळ्यांत सोडियम भरला. हाच नॅसिकॉन. पुढं 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, गुडइनफना लिथियम बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांतून नॅसिकॉनचा उल्लेख फारसा झाला नाही. माझ्या मते तो व्हायला हवा होता.

नॅसिकॉनचं शहाणपण एका हिशोबात आहे. या सांगाड्याच्या एका एककात सोडियमला बसायला चार जागा. एकच सोडियम असेल तर चालणारे कमी. चारही जागा भरल्या तर गच्च भरलेल्या एसटीसारखी गत. कंडक्टर कितीही ओरडला तरी कुणी ‘पुढं सरकत’ नाही, कारण सरकायला जागाच नाही. फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन घालत गेलं तसे सोडियम वाढतात, आणि तीन सोडियम व एक मोकळी जागा या मुक्कामावर वाहकता सर्वाधिक होते. मोकळी जागा हीच खरी वाट. एक जण तिथं सरकतो, त्याची जागा मोकळी होते, मागचा तिथं येतो. शिवाय सिलिकॉनमुळं सांगाडा किंचित सैल होऊन ज्या अरुंद दारांतून सोडियमला घुसावं लागतं ती दारंही थोडी रुंदावतात.

नॅसिकॉनची चकती प्रयोगशाळेत बनताना मी पाहिली आहे. त्यात काहीही अंतराळयुगातलं नसतं. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचाच शुद्ध भाऊ, झिर्कोनिया, सिलिका आणि अमोनियमचं फॉस्फेट. सगळं काट्यावर मोजून अगेटच्या खलात तासन्‌तास घोटायचं. घोटणाऱ्या विद्यार्थिनीचा अंगठा लाल झालेला होता. मग ती भुकटी एकदा भाजायची, पुन्हा घोटायची, साच्यात घालून प्रेसखाली दाबायची. जी टिकली निघते ती खडूसारखी, नखानं ओरखडा उठेल इतकी कच्ची. ती 1200 अंशांच्या वर कित्येक तास भट्टीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. ते रोज याहून तापलेला लोखंडाचा रस ओततात. झिर्कोनियमही त्यांच्या ओळखीचं आहे, कारण साच्याला आणि कोअरला लावायच्या लेपात झिर्कॉन असतं, आणि ते झिर्कॉन केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून येतं.

भट्टीतच पहिली अडचण येते. एवढ्या उष्णतेला सोडियम आणि फॉस्फरस थोडे थोडे उडून जातात, आणि कणाकणांच्या मधे झिर्कोनियाचा निरुपयोगी गाळ राहतो. उपाय घरगुती आहेत. सुरुवातीलाच सोडियम थोडं जास्त घालायचं, आणि टिकली भाजताना ती त्याच भुकटीत पुरून ठेवायची, म्हणजे उडायचं ते बाहेरच्या भुकटीतून उडेल. चांगली भाजलेली टिकली आक्रसलेली असते आणि टिचकी मारली की चिनीमातीच्या कपासारखी वाजते. बद्द वाजली तर आत भोकं आहेत. कास्टिंगमधलं ब्लो-होल आणि टिकलीतलं भोक, दोघांचा शाप एकच. मग दोन्ही तोंडांना चांदीची पेस्ट लावून वाहकता मोजतात. चांदी इथंही आलीच.

चांगल्या नॅसिकॉनची वाहकता साध्या खोलीत सेंटिमीटरला एक मिलिसीमेन्सच्या आसपास भरते. द्रव इलेक्ट्रोलाइटची पाच ते दहा. जर्मनीच्या युलिश संशोधन केंद्रातल्या मंडळींनी 2016 मध्ये झिर्कोनियमच्या काही जागी स्कँडियम घालून चारपर्यंत नेली, पण स्कँडियमचा भाव ऐकला की उत्साह मावळतो.

हे झालं ऑक्सिजनवाल्या पदार्थांचं घराणं. दुसरं घराणं गंधकाचं. ऑक्सिजनपेक्षा गंधकाचा आयन मोठा आणि सोडियमला सैल धरणारा, त्यामुळं वाट मऊ. 2012 मध्ये ओसाकाच्या हायाशी आणि सहकाऱ्यांनी सोडियम, फॉस्फरस आणि गंधकाच्या एका काचेतून मोठ्या वाहकतेचे स्फटिक मिळवले. 2019 मध्ये त्यांनीच फॉस्फरसच्या जागी अँटिमनी आणि थोडं टंगस्टन वापरून 32 मिलिसीमेन्सचा आकडा गाठला. घन पदार्थानं द्रवाला मागं टाकलं. या पदार्थांचा आणखी एक गुण म्हणजे ते मऊ असतात. भट्टी लागत नाही, नुसतं दाबलं तरी भाकरीच्या पिठासारखे एकजीव होतात. अवगुण एवढाच की बहुतेकांना दमट हवा सोसत नाही. पाण्याची वाफ लागली की सडक्या अंड्याच्या वासाचा, विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. अँटिमनीमुळं हे बरंच आटोक्यात येतं, पूर्ण नाही. कोल्हापूरच्या जुलैत असला माल उघड्यावर हाताळायचा विचारही नको. कोरड्या वायूनं भरलेली बंद पेटी हवी.

तिसरं घराणं प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरचं, सोडियमचं लवण विरघळवलेलं. लवचिक, स्वस्त, पण साठ-सत्तर अंशांना तापवल्याशिवाय नीट चालत नाही. ते सध्या बाजूला ठेवू.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की 32 आकडा मिळाला म्हणजे प्रश्न मिटला. वर्तमानपत्रांना तसं वाटतं. पण एक मिलिसीमेन्सचंच गणित करून पाहा. नॅसिकॉनची चकती एक मिलिमीटर जाडीची असेल तर एका चौरस सेंटिमीटरला तिचा विरोध 100 ओहम. तीच 50 मायक्रॉनची, म्हणजे केसाएवढी पातळ केली तर फक्त 5 ओहम. म्हणजे सामान्य वाहकतेचा पदार्थही पापडासारखा लाटता आला तर भागतं. पण चकती आणि सोडियम धातू यांच्या सांध्याचा विरोध, काळजी घेतली नाही तर, शेकडो ओहम असतो. हमरस्ता सहापदरी करून टोलनाक्याची खिडकी एकच ठेवावी तसं हे.

हुपरीच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही. घुंगरू साखळीला झाळताना तो आधी टाकणखार लावतो, कारण धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर झाळ पसरत नाही, गोळी होऊन उभी राहते. नॅसिकॉनचंही तसंच. दमट हवेत ठेवलेल्या चकतीवर सोडियमच्या हायड्रॉक्साइडचा आणि कार्बोनेटचा अदृश्य पापुद्रा चढतो, आणि वितळलेलं सोडियम त्यावर पसरण्याऐवजी कमळाच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा होतं. घासून, तापवून, कधी मधे दुसऱ्या धातूचा अतिशय पातळ थर देऊन सोडियमला चकतीवर बसवावं लागतं. (टाकणखार हाही सोडियमचाच क्षार.)

सांधा एकदा जमला तरी टिकत नाही, ही पुढची पीडा. बॅटरी चालू असताना सोडियमचा थर झिजतो, चार्ज करताना पुन्हा भरतो. दुसऱ्या बाजूचा इलेक्ट्रोडही फुगतो, आकसतो. द्रव असता तर वाहत जाऊन फट भरली असती. घन तसाच उभा राहतो आणि फट वाढत जाते. जिथं अजून स्पर्श उरला आहे तिथंच सगळा प्रवाह एकवटतो, आणि तिथून सोडियमची बारीक मुळं चकतीतल्या कणांच्या सांध्यांतून, भोकांतून आत शिरतात. भिंतीत पिंपळ उगवतो तसं. मूळ पलीकडे पोचलं की शॉर्टसर्किट. दगडी चकती मऊ धातूला सहज अडवेल असं पूर्वी समजत, अडवत नाही.

म्हणून प्रयोगशाळेतले बरेचसे घन सेल शिकंज्यात आवळलेले असतात. दाब एक मेगापास्कल म्हटलं की कानाला छोटं वाटतं, पण तो दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो होतो. अनेक प्रयोगांत तो याच्या कितीतरी पट असतो. स्कूटरच्या सीटखाली एवढा शिकंजा बसवायचा तर बॅटरीपेक्षा लोखंडच जड होईल. इथं सोडियमचा एक गुण कामी येतो. ते लिथियमहून मऊ आहे, सुरीनं थंड लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून कमी दाबातही चकतीला भिडून राहतं. 98 अंशांनाच वितळतं, त्यामुळं एकदा वितळवून सांधा जमवणंही सोपं. जाडेपणात हरलेला सोडियम मऊपणात जिंकतो.

महाराष्ट्रात या विषयाला परंपरा आहे. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात के. सिंग आणि एस. एस. भोगा यांनी घन पदार्थांतल्या आयनांवर आयुष्य घातलं. कार्बन डायऑक्साइड ओळखणारे घन इलेक्ट्रोलाइटचे सेन्सर हा त्यांचा एक आवडता विषय. उचगावच्या जवळच असलेल्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग थिन फिल्मसाठी ओळखला जातो, आणि पापड लाटण्याचा वरचा प्रश्न शेवटी थिन फिल्मचाच आहे. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटीनं, आयसर पुणेच्या साथीनं विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. किलोमागे 100 ते 170 वॅट-तास आणि 3000 ते 6000 वेळा चार्ज, असे आकडे दिले. ती घोषणा सोडियम-आयनची होती, घन इलेक्ट्रोलाइटची नव्हे. बातम्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते.

माझं मत विचाराल तर आपल्याकडं द्रवाची सोडियम बॅटरी आधी येईल आणि तीच बराच काळ पुरेल. आमच्या भागातल्या शेतकऱ्याचं जुनं गाऱ्हाणं रात्रीच्या पाळीचं आहे. मध्यरात्री लाइट येते आणि माणूस विजेरी घेऊन उसात शिरतो. पाच अश्वशक्तीची मोटार चार तास चालवायला ढोबळमानानं 15 युनिट लागतात. किलोमागे 100 वॅट-तासांची बॅटरी धरली तर दीडशे किलो वजन झालं. स्कूटरला ते अशक्य, पण विहिरीवरच्या खोलीत ठेवायला दीडशे किलोचं काय ओझं? तिथं स्वस्ताई आणि उन्हाळ्यातला टिकाऊपणा महत्त्वाचा. घन इलेक्ट्रोलाइटची खरी गरज जिथं जागा कमी आणि आगीची भीती जास्त तिथं आहे: बस, रेल्वे, उंच इमारतीचं तळघर.

यापुढं कुणी घन सोडियम बॅटरीची बातमी मोबाइलवर दाखवली तर वाहकतेचा आकडा वाचून थांबू नका. बॅटरी किती तापमानाला चालवली आणि किती दाबाखाली आवळून ठेवली होती, ते शोधा. बातमीत बहुधा पहिलाच आकडा असतो. उरलेले दोन मूळ निबंधात, प्रयोगाची पद्धत सांगणाऱ्या बारीक अक्षरांतल्या परिच्छेदात सापडतात.